इटलीत एका दिवसाच्या सहलीसाठी रेल्वेचं स्वस्त तिकीट कसं काढायचं?

रोम, फ्लॉरेन्स, मिलान किंवा व्हेनिसमध्ये मुक्काम ठेवायचा, सकाळी रेल्वेने निघायचं आणि रात्रीपर्यंत शेजारचं एखादं शहर पाहून परत यायचं. इटली फिरायला जाणारे अनेक जण असाच बेत करतात. हॉटेल बदलावं लागत नाही, बॅगा ओढाव्या लागत नाहीत आणि गाड्याही भरपूर असतात.

अडचण येते ती तिकिटाचे दर पाहताना. रोम ते फ्लॉरेन्स या एकाच प्रवासासाठी एका गाडीचं तिकीट वीस-पंचवीस युरोला दिसतं, तर दुसरीचं पन्नास युरोच्या वर. दोन दिवसांनी पाहिलं तर आकडे बदललेले असतात. उलट फ्लॉरेन्स ते पिसा हे तिकीट महिनाभर आधी काढा किंवा गाडी सुटायच्या पाच मिनिटं आधी, दर तोच राहतो.

असं का होतं आणि त्यात पैसे नेमके कुठे वाचतात?

दोन प्रकारच्या गाड्या, दोन प्रकारचे दर

इटलीत प्रवासी गाड्यांचे ढोबळमानाने दोन गट पडतात.

पहिला गट लांब पल्ल्याच्या आणि हायस्पीड गाड्यांचा. फ्रेच्चारोस्सा, फ्रेच्चार्जेंतो, इंटरसिटी आणि इटालो या त्यातल्या गाड्या. फ्रेच्चारोस्सा आणि इटालो ताशी 300 किलोमीटरपर्यंत वेगाने धावतात. यात सीट आरक्षित असते आणि दर विमानाच्या तिकिटासारखे मागणीनुसार बदलतात. स्वस्त जागा आधी संपतात, मग महाग जागा उरतात.

दुसरा गट प्रादेशिक गाड्यांचा. त्यांना 'रेजोनाले' म्हणतात. कमी थांबे घेणारी गाडी असेल तर 'रेजोनाले व्हेलोचे'. यात सीट नंबर नसतो, जागा मिळेल तिथे बसायचं. भाडं अंतरावर ठरतं आणि ते आधी काढल्याने कमी होत नाही. आपल्याकडच्या अनारक्षित तिकिटासारखाच हा प्रकार.

म्हणून 'तिकीट लवकर काढलं की स्वस्त पडतं' हा सल्ला इटलीत अर्धाच खरा आहे. हायस्पीडला तो लागू होतो, रेजोनालेला नाही. सहल ठरवताना पहिला प्रश्न 'तिकीट कधी काढू' हा नसून 'कोणत्या गाडीने जाऊ' हा असतो.

आणखी एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. इटलीत वेटिंग लिस्ट किंवा आरएसी नसते. हायस्पीड गाडीत जागा असेल तर कन्फर्म तिकीट मिळतं, नसेल तर मिळतच नाही.

ट्रेनइटालिया की इटालो?

ट्रेनइटालिया ही सरकारी रेल्वे समूहाची कंपनी. तिच्या हायस्पीड गाड्याही आहेत आणि देशातल्या बहुतेक प्रादेशिक गाड्याही. इटालो ही खासगी कंपनी 2012 पासून हायस्पीड गाड्या चालवते. रोम, फ्लॉरेन्स, बोलोन्या, मिलान, व्हेनिस, नेपल्स अशा मोठ्या शहरांदरम्यान दोघींची थेट स्पर्धा आहे आणि प्रवाशाला तिचा फायदा होतो.

त्यामुळे हायस्पीडचं तिकीट काढण्याआधी दोन्ही कंपन्यांच्या वेबसाइट किंवा ॲपवर त्याच तारखेचे दर पाहावेत. अर्ध्या तासाच्या अंतराने सुटणाऱ्या दोन गाड्यांच्या दरांत मोठा फरक असू शकतो. मात्र एका कंपनीचं तिकीट दुसऱ्या कंपनीच्या गाडीत चालत नाही. इटालो चुकली म्हणून मागून येणाऱ्या फ्रेच्चारोस्सात बसता येत नाही.

दोन्ही कंपन्यांची तिकिटं एकत्र दाखवणारी मध्यस्थ ॲप्स तुलना करायला सोयीची असतात. पण त्यातली बरीच ॲप्स वर स्वतःचं शुल्क लावतात. दर तिथे पाहून तिकीट थेट कंपनीकडून काढलं, तर तेवढे पैसे वाचतात.

स्वस्त तिकिटाच्या अटी

ट्रेनइटालियाच्या हायस्पीड तिकिटांत साधारण तीन दर दिसतात: बेस, इकॉनॉमी आणि सुपर इकॉनॉमी.

बेस सगळ्यात महाग. गाडी सुटण्यापूर्वी त्यात बदल करता येतो आणि रद्द केल्यास काही रक्कम कापून पैसे परत मिळतात. इकॉनॉमीत बदलाची मुभा मर्यादित असते आणि दरातला फरक भरावा लागतो. सुपर इकॉनॉमी सगळ्यात स्वस्त, पण ते तिकीट त्याच गाडीसाठी बांधलेलं. बदल नाही, परतावा नाही. इटालोचे दरही याच तत्त्वावर चालतात: जितकं स्वस्त, तितक्या अटी कडक.

दर्जाचा प्रश्न वेगळा. फ्रेच्चारोस्सात 'स्टँडर्ड' आणि इटालोत 'स्मार्ट' हे सगळ्यात साधे वर्ग. दीड-दोन तासांच्या प्रवासाला ते पुरेसे आरामदायी असतात.

एकाच दिवशी जाऊन परत येणाऱ्यांसाठी दोन्ही कंपन्या वेगळी सवलतही देतात. तिला इटालियनमध्ये 'अंदाता ए रितोर्नो इन जोर्नाता' म्हणतात, म्हणजे त्याच दिवशी जाणं-येणं. ती दिसण्यासाठी तिकीट शोधताना दोन वेगळी एकेरी तिकिटं न शोधता जाण्या-येण्याचा पर्याय निवडून दोन्हीकडे तीच तारीख टाकावी. या जागा मर्यादित असतात आणि काही सवलतींसाठी कंपनीचं मोफत सदस्यत्व घ्यावं लागतं.

खरा घोटाळा परतीच्या तिकिटात

एका दिवसाच्या सहलीत पैसे वाया जातात ते बहुधा परतताना.

सकाळची गाडी सहसा चुकत नाही, कारण हॉटेलमधून वेळेवर निघणं आपल्या हातात असतं. संध्याकाळचं तसं नसतं. संग्रहालयाची रांग लांबते, जेवण उशिरा येतं, स्टेशनकडे जाणारी बस भरलेली असते. अशा वेळी हातात सुपर इकॉनॉमीचं परतीचं तिकीट असेल आणि गाडी सुटली, तर ते तिकीट गेलं. वर पुढच्या गाडीचं तिकीट त्या क्षणीच्या दराने घ्यावं लागतं आणि तो दर बहुतेक वेळा सगळ्यात चढा असतो. जाताना वाचवलेले वीस युरो येताना दुप्पट होऊन जातात.

यावर तीन मार्ग आहेत.

पहिला, जाताना कडक अटींचं स्वस्त तिकीट आणि येताना बदलता येणारं तिकीट.

दुसरा, जाताना हायस्पीड आणि येताना रेजोनाले. वेळ जास्त लागतो, पण भाडं ठरलेलं असतं आणि एक गाडी गेली तरी पुढच्या गाडीचा पर्याय राहतो.

तिसरा, स्वस्त तिकीटच हवं असेल तर परतीची गाडी मुद्दाम उशिराची निवडायची. मात्र ती शेवटची गाडी नसावी. छोट्या गावांतून रात्री गाड्या कमी होतात आणि रविवारी व सुटीच्या दिवशी वेळापत्रक बदलतं. म्हणून निघण्याआधी परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे हे पाहून ठेवावं.

रेजोनालेचा नियम: चढण्याआधी चेक-इन

रेजोनालेचं तिकीट स्वस्त आणि सोपं, पण त्याचा एक नियम परदेशी पाहुण्यांना हमखास नडतो.

स्टेशनवर घेतलेलं कागदी तिकीट गाडीत चढण्याआधी फलाटाजवळच्या छोट्या मशिनमध्ये घालून त्यावर तारीख-वेळेचा शिक्का उमटवावा लागतो. मोबाईलवरचं डिजिटल तिकीट असेल तर ॲपमध्ये किंवा ईमेलमधल्या लिंकवरून चेक-इन करावं लागतं. हे राहिलं तर तिकीट विकत घेतलेलं असूनही टीसी दंड करू शकतो. 'माहीत नव्हतं' हे कारण चालेलच असं नाही. दंडाची रक्कम तिकिटाच्या कितीतरी पट असते.

हायस्पीड गाडीच्या तिकिटाला असा शिक्का लागत नाही, कारण त्यावर गाडी, तारीख आणि सीट आधीच ठरलेली असते.

कोणत्या सहलीला कोणती गाडी?

फ्लॉरेन्स ते पिसा: रेजोनालेने साधारण तासाभराचा प्रवास, भाडं दहा युरोच्या आसपास. हायस्पीडच्या मागे लागण्याचं कारण नाही. झुकता मनोरा पाहायचा असेल तर पिसा सेंत्रालेपेक्षा पिसा सान रोस्सोरे हे छोटं स्टेशन जवळ पडतं. तिथून पुढे लुक्का हे तटबंदीचं गावही त्याच दिवसात होतं.

व्हेनिस ते पादुआ: रेजोनालेने अर्ध्या तासाच्या आत-बाहेर. इथेही आधी तिकीट काढून काही वाचत नाही.

मिलान ते कोमो सरोवर: व्हारेन्ना या काठावरच्या गावाला मिलानो सेंत्रालेहून प्रादेशिक गाडी तासाभरात पोहोचवते. कोमो शहरात मात्र दोन वेगळी स्टेशनं आहेत. सान जोव्हान्नीची गाडी मिलानो सेंत्रालेहून मिळते, तर थेट सरोवराकाठच्या कोमो लागोची गाडी मिलानो कादोर्नाहून.

रोम ते फ्लॉरेन्स: हायस्पीडने सुमारे दीड तास, रेजोनालेने साडेतीन तासांच्या वर. एका दिवसात जाऊन यायचं तर हायस्पीडच हवी आणि तिचं तिकीट लवकर काढण्यात खरा फायदा आहे.

रोम ते पॉम्पेई: नेपल्सपर्यंत हायस्पीड सव्वा तासाच्या आत नेते. पुढे नेपल्सच्या मुख्य स्टेशनाखालच्या गारिबाल्दी स्टेशनवरून सोरेन्तोकडे जाणारी 'चिर्कुमवेसुव्हियाना' ही लोकल पकडायची. ती वेगळ्या कंपनीची आहे, तिथे ट्रेनइटालियाचं तिकीट चालत नाही आणि आरक्षणही लागत नाही. उत्खनन स्थळाजवळचं स्टेशन म्हणजे पॉम्पेई स्काव्ही.

चिंक्वे तेर्रे: ला स्पेत्सिया आणि लेव्हान्तो यांच्यामध्ये समुद्रकाठच्या पाच गावांना जोडणारी गाडी धावते. दिवसभरात तीन-चार गावं करायची असतील तर प्रत्येक वेळी सुटं तिकीट काढण्यापेक्षा दिवसभराचं रेल्वे कार्ड परवडतं का, हे आधी जोडून पाहावं.

बुकिंग करताना

स्टेशनांची नावं इटालियन असतात. फ्लॉरेन्सचं फिरेन्झे, व्हेनिसचं व्हेनेत्सिया, नेपल्सचं नापोली. व्हेनिसची दोन स्टेशनं आहेत: मेस्त्रे मुख्य भूमीवर, तर सांता लुचिया कालव्यांच्या शहरात. फ्लॉरेन्सचं मध्यवर्ती स्टेशन सांता मारिया नोव्हेल्ला. चुकीचं स्टेशन निवडलं की स्वस्त तिकीट महागात पडतं.

तिकिटावर प्रवाशाचं नाव पासपोर्टप्रमाणे टाकावं आणि प्रवासात पासपोर्ट जवळ ठेवावा. ट्रेनइटालियाच्या गाड्यांत चार वर्षांखालच्या मुलांना वेगळी सीट घेतली नाही तर तिकीट लागत नाही.

भारतातून पैसे भरताना कार्ड नाकारलं जाण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे परदेशी व्यवहार बंद असणं. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमांमुळे नव्या कार्डावर ही सोय सुरुवातीला बंद असते. ती बँकेच्या ॲपमधून सुरू करावी लागते. शिवाय बहुतेक बँका परकीय चलनावर काही टक्के मार्कअप घेतात. तुलना करताना तोही धरावा.

युरोपातलं रेल्वे वेळापत्रक दरवर्षी डिसेंबरच्या मध्याला बदलतं. त्यानंतरच्या तारखांच्या गाड्या दिसत नसतील तर काळजीचं कारण नाही, बुकिंग अजून उघडलेलं नसतं.

संप, उशीर आणि व्हेनिसचं शुल्क

इटलीत रेल्वेचे संप होतात. इटालियनमध्ये संपाला 'शोपेरो' म्हणतात. कायद्याने संपाची सूचना आधी द्यावी लागते, त्यामुळे सहलीच्या आठवड्यात कंपनीच्या वेबसाइटवर नजर टाकणं पुरेसं असतं. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 या वेळात अत्यावश्यक प्रादेशिक गाड्या चालवाव्या लागतात.

गाडीला उशीर झाला तर युरोपीय संघाच्या नियमानुसार 60 ते 119 मिनिटांच्या उशिराला भाड्याच्या 25 टक्के आणि 120 मिनिटांपासून पुढे 50 टक्के भरपाई मागता येते. भरपाईची रक्कम फारच छोटी असेल तर ती दिली जात नाही.

व्हेनिसला एका दिवसासाठी जाणाऱ्यांचा आणखी एक खर्च असतो. 2024 पासून ठरावीक गर्दीच्या दिवशी, दिवसभरासाठी येणाऱ्या पाहुण्यांकडून प्रवेश शुल्क घेतलं जातं. 2025 मध्ये आधी भरणाऱ्यांना ते 5 युरो होतं आणि ऐनवेळी भरणाऱ्यांना 10 युरो. आपली तारीख त्या यादीत आहे का, हे रेल्वेचं तिकीट काढण्याआधीच पाहिलेलं बरं. कधी कधी एक दिवस पुढे-मागे केल्याने शुल्कही वाचतं आणि गाडीचं तिकीटही स्वस्त मिळतं.

थोडक्यात

प्रवास तासाभराचा असेल तर रेजोनाले घ्यावी. आधी बुकिंगची घाई नको, फक्त चेक-इन विसरू नये. अंतर लांब असेल तर हायस्पीडचं तिकीट तारीख पक्की होताच काढावं, दोन्ही कंपन्यांचे दर पाहूनच. आणि परतीच्या तिकिटावर शेवटचे चार-पाच युरो वाचवण्याआधी ती गाडी चुकली तर काय होईल, याचा हिशेब करावा.