अर्धे सरळ, अर्धे कुरळे

अमेरिकेतील कृष्णवर्णीय लोकांच्या बोलीत मानेच्या मागे, केसांची हद्द जेथे संपते तेथल्या आखूड केसांना ‘किचन’ म्हणतात. डोक्यावरच्या सर्व केसांत हे केस अतिशय गुंतलेले, अतिशय हट्टी आणि फणीला सर्वांत शेवटी वश होणारे. आणि हे नाव त्यांना कसे पडले याची निरनिराळी स्पष्टीकरणे दिली जात असली, तरी ज्या स्वयंपाकघरात चुलीच्या जाळावर धातूची फणी तापवून आया आणि मावश्या मुलींचे केस सरळ करीत, त्या जागेची आठवण या शब्दात आहे हे कोणालाही सहज जाणवते. हेन्री लुई गेट्स या विद्वान प्राध्यापकांनी आपल्या बालपणाच्या आठवणी लिहिताना या शब्दाच्या दोन्ही अर्थांना मिळून एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. केस रासायनिक द्रव्याने सरळ करण्याच्या, आणि त्यातही सगळे डोके सोडून केसांचा काही भागच तेवढा सरळ करण्याच्या चालीविषयी लिहावयाचे, तर आरंभ या मानेवरच्या केसांपासूनच केला पाहिजे. कारण जेथे थोडेच केस सरळ करावयाचे ठरते, तेथे पहिला मान बहुधा यांचा आणि कपाळाच्या कडेचा असतो.

ही तडजोड ज्यांना ठाऊक नाही त्यांना ती चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. केस मागे ओढून अंबाडा बांधला, म्हणजे पाहणाऱ्याच्या दृष्टीस पडते ती कपाळावरची, कानशिलांवरची व मानेवरची कड. ती बसलेली असली की डोके नीटनेटके ठरते आणि ती उभी राहिली की तीच बाई कचेरीतल्या वरिष्ठाला अव्यवस्थित वाटू लागते. म्हणून पुष्कळ स्त्रियांनी एवढ्या कडेलाच ते दाहक द्रव्य लावून घेतले आणि अंबाड्यातले केस जन्मतः होते तसेच राखले. नाक्यावर जेवढा माल उघडा दिसेल तेवढ्यावरच जकात भरावी आणि गाठोड्यातला ऐवज आपल्यापाशी ठेवावा, तसा हा व्यवहार होता. केस सरळ करण्याच्या साऱ्या चालीला गोऱ्यांचे अनुकरण म्हणून निकालात काढणाऱ्यांनी या अर्धवट सरळ केलेल्या डोक्याकडे नीट पाहिलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाहणाऱ्याच्या या नजरेचा अंमल फार जुना आहे. लुइझियाना प्रांत स्पेनच्या ताब्यात असताना, १७८६ साली, तेथील गव्हर्नर एस्तेबान मिरो याने असे फर्मान काढले की, गुलामगिरीत नसलेल्या कृष्णवर्णीय व मिश्रवर्णीय स्त्रियांनीही डोक्याला फडके गुंडाळूनच वावरावे. केशरचनेचा त्यांचा थाट सत्ताधाऱ्यांच्या डोळ्यांत सलत होता. त्या स्त्रियांनी हुकूम पाळला, परंतु फडकी निवडली ती रंगीत आणि उंची वस्त्राची, आणि बांधली ती अशा ऐटीने की ज्या वस्त्राने त्यांना खाली पाहावयास लावावयाचे होते तेच त्यांचे भूषण झाले. मळ्यांवर राबणाऱ्या गुलाम स्त्रियांना मात्र एवढीही मुभा नव्हती. त्यांच्या दाट केसांना सोसेल अशी फणी त्यांना मिळत नसे. मेंढीची लोकर पिंजण्याच्या दातेरी फळीने त्या आपले केस विंचरीत. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली. ती मोडून काढल्याबद्दल ज्या अमेरिकन लोकांना जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला, त्या लोकांच्या देशात पुढेही ‘चांगले केस’ या दोन शब्दांचा अर्थ सरळ किंवा सरळपणाकडे झुकणारे केस असाच राहिला, आणि खेदाची गोष्ट ही की तो कृष्णवर्णीयांच्या घरांतही तसाच रुजला.

या केसांच्या निगेतून जो धंदा उभा राहिला, त्याची योग्यता फार मोठी आहे. सेंट लुईस शहरात ॲनी टर्नबो मलोन या बाईंनी ‘पोरो’ या नावाने केशतेले व मलमे विकण्यास आरंभ केला आणि १९१८ साली त्याच नावाचे विद्यालय उभारून असंख्य मुलींना हा हुन्नर शिकवला. त्यांच्या हाताखाली विक्रेती म्हणून काम केलेली सेरा ब्रीडलव्ह ही १८६७ साली, गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या आईबापांच्या पोटी जन्मलेली, सातव्या वर्षी पोरकी झालेली, विसाव्या वर्षी वैधव्य आलेली आणि लोकांचे कपडे धुऊन मुलीचे पोट भरणारी स्त्री. तिनेच पुढे ‘मादाम सी. जे. वॉकर’ या नावाने इंडियानापोलिस येथे स्वतःचा कारखाना काढला. तापवलेली फणी हा काही तिचा शोध नव्हे, आणि केस सरळ करणारी असे स्वतःला म्हणवून घेणे तिला रुचत नसे. केस वाढवणे आणि टाळूचे आरोग्य राखणे हा आपला व्यवसाय, असे ती आग्रहाने सांगे. १९१७ साली फिलाडेल्फियात तिने आपल्या विक्रेत्या स्त्रियांची परिषद भरवली, आणि १९१९ साली मृत्यूपूर्वी कृष्णवर्णीयांना झुंडीने ठार मारण्याच्या क्रौर्याविरुद्धच्या निधीला पाच हजार डॉलरची देणगी जाहीर केली. गोऱ्या घरची धुणीभांडी हेच ज्यांच्या नशिबी होते, त्या बायकांना या पेशाने स्वतःची मिळकत दिली आणि मिळकतीबरोबर निर्भयता दिली. १९५७ च्या जानेवारीत दक्षिण कॅरोलायनातील जॉन्स बेटावर, मतदानासाठी लादलेल्या साक्षरतेच्या परीक्षेत प्रौढांना उत्तीर्ण करण्याकरिता पहिली ‘नागरिक-शाळा’ उघडली, तेव्हा शिक्षिका म्हणून निवड झाली ती बर्निस रॉबिन्सन या केशरचनाकार बाईंची. त्यांची गिऱ्हाइके सारी कृष्णवर्णीय. रोजगार तोडतो म्हणून धमकावणारा गोरा मालकच त्यांना नव्हता.

परंतु तापवलेल्या फणीची करामत फार काळ टिकत नसे. तिने केसांतील जे बंध ढिले होत ते ओलाव्याने पुन्हा जुळत. घाम आला, पाऊस लागला, की तासाभराची मेहनत कपाळावर गोळा होऊन बसे. पोहणे टाळणाऱ्या आणि दमट हवेला भिणाऱ्या मुलींच्या कित्येक पिढ्या या एका कारणाने घडल्या आहेत. पावसाने न फिटणारा सरळपणा हवा असेल, तर केसाच्या अंतरंगातच हात घालावयास हवा होता. क्लीव्हलँड शहरात शिवणयंत्रे दुरुस्त करणारा गॅरेट मॉर्गन हा कल्पक कारागीर सुईच्या घर्षणाने लोकरीचे कापड करपू नये म्हणून एक द्रव तयार करीत होता. त्याने बरबटलेले हात कापडाला पुसले असता कापडाचे तंतू सरळ झालेले त्याला दिसले, मग त्याने तो द्रव शेजाऱ्याच्या कुत्र्याच्या लवेला लावून पाहिला आणि शेवटी स्वतःच्या डोक्याला, अशी हकीकत सांगतात. १९१३ साली त्याने या मलमाची कंपनी काढली. वायुरक्षक टोप आणि रस्त्यावरील वाहतुकीचे नियंत्रक यंत्र यांचाही हाच निर्माता.

पुरुषांत यापेक्षा कठोर प्रयोग चालत. नाटकमंडळी, गवय्ये आणि त्यांच्यामागून सामान्य तरुण ‘कॉंक’ नावाची केशरचना करीत. तिचे साहित्य म्हणजे बटाटे, अंडी आणि डबाबंद कॉस्टिक सोडा. माल्कम एक्स यांनी आपल्या आत्मचरित्रात बॉस्टनमधील आपल्या पहिल्या कॉंकचे जे वर्णन केले आहे, त्यातील त्या बरणीची आठवण वाचकाला सुटत नाही: सोडा ढवळताच बरणी बाहेरून हाताला चटका देऊ लागते, आणि तेच मिश्रण मग डोक्यावर थापले जाते. पुढे त्यांनी त्या दिवसाची गणना आपल्या अधःपतनाच्या पहिल्या पावलांत केली. त्यांचा उद्वेग मी समजू शकतो. पण तो निवाडा त्यांनी स्वतःवर केलेला होता, आणि इतरांनी तो उसना घेऊन प्रत्येक सरळ केसाच्या डोक्यावर ठोकावा हे न्यायाचे नाही.

शिकागोत जॉर्ज जॉन्सन यांनी १९५४ साली अडीचशे डॉलर कर्जाऊ घेऊन सुरू केलेल्या कारखान्याने या घरगुती आगीला डबीत बंद केले; आधी पुरुषांसाठी, मग स्त्रियांसाठी. त्याला आता ‘रिलॅक्सर’ हे सौम्य नाव मिळाले, पण आतील पदार्थ तोच होता: सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे मोरी साफ करावयाचा कॉस्टिक सोडा, मलईत मिसळलेला. केसाचा तंतू ज्या प्रथिनाचा असतो त्यात गंधकाच्या जोड्यांचे बंध असतात. या बंधांमुळे वळणाच्या केसाचे वळण टिकते. तीव्र अल्कली केसाला फुगवते आणि त्या जोडीतील गंधकाचा एक अणू काढून घेते. बंध एकदा असा बदलला की कुठल्याही पाण्याने पूर्ववत होत नाही. म्हणून केशालयात आधी कपाळाच्या कडेला, कानांच्या पाळ्यांना आणि मानेला व्हॅसलिनचा जाड लेप देतात, हातमोजे चढवतात, आणि मलई लावली की भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत बसतात. बसणारीला आधी उबारा, मग चुणचुण, मग आग जाणवते. आग असह्य झाली की तिने हात वर करावयाचा असतो, आणि आणखी दोन मिनिटांनी केस अधिक सरळ होतील या आशेने कितीतरी जणींनी तो वर केलेला नाही. टाळूवरचे फोड आणि खपल्या ही त्या आशेची किंमत. १९७० च्या दशकात सरकारी व्यापार आयोगाने या डब्यांवर धोक्याची सूचना छापण्यास भाग पाडले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सगळे डोके एकदा सरळ केले, तरी केस महिन्याला सुमारे अर्धा इंच वाढतो, आणि मुळातून येतो तो कुरळाच. सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा केशालयात जावे लागते, आणि त्या वेळी मलई केवळ नव्या वाढीलाच लावावयाची असते. जुन्या सरळ केसावर ती पुन्हा गेली तर केस हातात येतो. म्हणजे संपूर्ण सरळ केलेले डोके हीदेखील एक महिना-दीड महिन्याची अवस्था, आणि अर्धवटपणा हाच त्याचा नित्याचा धर्म. यातूनच मलई नेहमीच्या वेळेपेक्षा लवकर धुऊन टाकावयाची, म्हणजे वळण पूर्ण न जाता सैल तेवढे होईल, ही युक्ती निघाली. तिला ‘टेक्स्चरायझर’ म्हणतात. ज्या काळात कुरळे केस मोकळे फुलवून मिरवणे हे स्वाभिमानाचे निशाण झाले होते, आणि ज्या ‘ब्लॅक पँथर’ पक्षाचे नाव १९७२ साली मुंबईतील आपल्या दलित पँथरने घेतले त्याचे तरुण तसे केस राखीत होते, त्या काळानंतरही पुष्कळांना पोटासाठी मधलाच मार्ग धरावा लागला. १९८१ साली एका विमान कंपनीतील कृष्णवर्णीय कर्मचारी स्त्रीने डोक्यालगतच्या बारीक वेण्या घालण्याचा हक्क मागितला, तेव्हा न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने तिचे म्हणणे मान्य केले नाही. केसांच्या नैसर्गिक पोतावरून नोकरीत वा शाळेत भेद करू नये असा पहिला राज्य कायदा कॅलिफोर्नियात झाला तो २०१९ साली.

अर्धवट सरळ करण्याचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो आपल्या देशाशी प्रत्यक्ष जोडलेला आहे. स्वतःच्या केसांच्या बारीक वेण्या डोक्याला चिकटवून घालावयाच्या आणि त्यांवर परक्या केसांच्या झालरी सुईदोऱ्याने शिवून घ्यावयाच्या, या पद्धतीत शिवण झाकण्यासाठी माथ्यावरचा स्वतःच्या केसांचा एक पट्टा मोकळा सोडतात. शिवलेले केस सरळ आणि तो पट्टा कुरळा असला तर जोड उघडा पडतो. म्हणून केवळ त्या पट्ट्यालाच रिलॅक्सर लावतात. हे शिवलेले सरळ केस पुष्कळदा भारतातून गेलेले असतात. तिरुमलेच्या कल्याणकट्ट्यावर नवस फेडणाऱ्या स्त्रियांनी उतरवलेले लांब केस देवस्थान लिलावाने विकते, आणि परदेशच्या बाजारात त्यांना मोठी किंमत येते. महाराष्ट्रातूनही दरसाल कितीतरी कुटुंबे बालाजीला जातात, आणि त्यांत केस देणाऱ्या बायका असतात. आपल्या वेणीचे पुढे काय होते, हे त्यांतल्या फार थोड्यांना माहीत असेल. आणि त्या वेणीशी आपले केस मिळते करण्यासाठी अटलांटा किंवा शिकागोतील एखादी मुलगी माथ्यावरच्या दोन बोटे रुंदीच्या पट्ट्याला आग सोसत बसते, हे तर कोणाच्या ध्यानीमनीही नसावे.

२०२२ च्या ऑक्टोबरात अमेरिकन शासनाच्या आरोग्य संशोधकांनी ३३,४९७ स्त्रियांच्या जवळजवळ अकरा वर्षांच्या निरीक्षणावर आधारलेला अहवाल प्रसिद्ध केला. केस सरळ करणारी द्रव्ये कधीच न वापरणाऱ्या स्त्रियांना सत्तर वर्षे वयापर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचा संभव १.६४ टक्के, तर वर्षातून चारांहून अधिक वेळा वापरणाऱ्यांना ४.०५ टक्के, असे त्यांच्या हिशेबात निघाले. ही द्रव्ये वापरणाऱ्यांत सुमारे साठ टक्के स्त्रिया कृष्णवर्णीय होत्या. कारण आणि परिणाम यांचा संबंध सिद्ध झाला असे संशोधकांनी म्हटले नाही, आणि आपणही म्हणू नये. पण या आकड्यांनंतर डबी हातात घेणाऱ्या बाईचे मन पूर्वीसारखे निश्चिंत राहिले असेल असे वाटत नाही.

ज्यांनी रसायन सोडून दिले, त्यांतल्या काहींनी एका दिवसात सारे सरळ केस कापून टाकले. बाकीच्या वर्ष-दीड वर्ष दोन्ही प्रकारचे केस एकाच डोक्यावर वागवतात, मुळाशी बोटभर कुरळे आणि खाली वीतभर सरळ. अशा केसात फणी फार हलक्या हाताने आणि टोकांकडून मुळांकडे घालावी लागते. नवा केस आणि जुना केस जेथे मिळतात, तेथेच तो सर्वांत आधी तुटतो, आणि कात्रीही त्याच ठिकाणी चालवतात.