वैद्यकीय इच्छापत्र

वैद्यकीय इच्छापत्र (अन्य नावे: लिव्हिंग विल, पूर्व वैद्यकीय निर्देश) हा आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील उपचारांविषयी व्यक्तीने आधीच लिहून ठेवलेला दस्तऐवज होय. बरे होण्याची आशा नसलेल्या आजारात स्वतः निर्णय घेण्याची क्षमता गेल्यास कोणते उपचार करावेत, कोणते थांबवावेत आणि आपल्या वतीने कोणी बोलावे, हे त्यात नमूद केलेले असते. संपत्तीविषयीचे मृत्युपत्र मृत्यूनंतर अमलात येते; वैद्यकीय इच्छापत्र मात्र व्यक्ती जिवंत असतानाच लागू होते. भारतात सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी त्यास कायदेशीर मान्यता दिली.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात या विषयावरील संघटित चर्चा मिनू मसानी यांनी १९८१ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या ‘सोसायटी फॉर द राइट टु डाय विथ डिग्निटी’ या संस्थेपासून सुरू झाली. त्यानंतरच्या वर्षी विनोबा भावे यांनी पवनार आश्रमात अन्न व औषधे नाकारून १५ नोव्हेंबर १९८२ रोजी देह ठेवला. हे प्रायोपवेशन शुद्धीवर असलेल्या व्यक्तीने स्वतः घेतलेल्या निर्णयाचे उदाहरण आहे. वैद्यकीय इच्छापत्राचा संबंध याहून वेगळ्या परिस्थितीशी, म्हणजे रुग्ण बोलू शकत नसतानाच्या निर्णयाशी, येतो.

अरुणा शानभाग प्रकरण

मुंबईतील के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी झालेल्या हल्ल्यात त्यांच्या मेंदूला गंभीर इजा झाली. पुढील सुमारे ४२ वर्षे त्या त्याच रुग्णालयात होत्या. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांचे कृत्रिम पोषण थांबवावे, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात केली; त्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका व डॉक्टरांनी तिला विरोध केला. शानभाग स्वतः मत सांगण्याच्या स्थितीत नसल्याने त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, हा खटल्यातील एक कळीचा प्रश्न ठरला. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने हा अधिकार रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा मानून याचिका फेटाळली. मात्र उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवरक्षक उपचार काढून घेता येतील, हे तत्त्व मान्य केले. शानभाग यांचे १८ मे २०१५ रोजी निधन झाले.

२०१८ चा निकाल व २०२३ मधील सुधारणा

‘कॉमन कॉज’ या संस्थेने २००५ मध्ये केलेल्या याचिकेवर सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने २०१८ मध्ये निकाल दिला. सन्मानाने मरण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे त्यात म्हटले आहे. विषारी इंजेक्शनसारख्या कृतीने मृत्यू घडवून आणणे, म्हणजे सक्रिय दयामरण, भारतात बेकायदेशीरच आहे.

मूळ निकालानुसार इच्छापत्रावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची स्वाक्षरी आवश्यक होती, तसेच उपचार काढण्यापूर्वी त्यांनी रुग्णाची पाहणी करणे बंधनकारक होते. प्रत्यक्षात ही पद्धत जवळजवळ निरुपयोगी ठरली. अतिदक्षता विभागातील डॉक्टरांच्या ‘इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन’ या संघटनेच्या अर्जावरून न्यायालयाने २४ जानेवारी २०२३ रोजी ती सुलभ केली.

सध्याची कार्यपद्धती

* इच्छापत्र करणारी व्यक्ती सज्ञान व निर्णयक्षम असावी. दस्तऐवज स्वेच्छेने व लेखी केलेला असावा.
* दोन साक्षीदारांच्या उपस्थितीत स्वाक्षरी करून तो नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करावा.
* आपल्या वतीने संमती देण्यासाठी एक किंवा अधिक पालक अथवा जवळच्या नातेवाइकांची नावे त्यात द्यावीत.
* प्रत या नातेवाइकांना, कुटुंबाच्या डॉक्टरांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अभिरक्षक अधिकाऱ्याला द्यावी.
* इच्छापत्र केव्हाही लेखी रद्द करता येते. एकापेक्षा अधिक इच्छापत्रे असल्यास शेवटचे ग्राह्य धरले जाते.

अंमलबजावणीच्या वेळी उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ शक्यतो ४८ तासांत मत देते. त्यानंतर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचविलेला एक डॉक्टर व दोन तज्ज्ञ यांचे दुय्यम मंडळ त्याची फेरतपासणी करते. दोन्ही मंडळांचे एकमत झाल्यास व नातेवाइकांची संमती असल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवून उपचार काढले जातात. परवानगी नाकारल्यास उच्च न्यायालयात दाद मागता येते. इच्छापत्रातील मजकूर संदिग्ध असेल, तर मंडळे त्यावर अंमल करत नाहीत आणि इच्छापत्र नसलेल्या रुग्णासाठीची पद्धत लागू होते.

महाराष्ट्र व गोवा

इच्छापत्रे जतन करणारे अभिरक्षक नेमलेच गेले नसल्याकडे मुंबईतील डॉक्टर निखिल दातार यांनी मुंबई उच्च न्यायालयातील जनहित याचिकेद्वारे लक्ष वेधले. त्यानंतर राज्य शासनाने स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये अभिरक्षक नेमल्याचे २०२४ मध्ये न्यायालयास सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी मे २०२४ मध्ये स्वतःचे इच्छापत्र केले. गोव्यातील ते पहिले मानले जाते.

ग्रामीण तालुक्यांतील स्थिती

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात पूर्वेस हिंजवडी व बावधनसारखी शहराला लागलेली वस्ती, तर पश्चिमेस ताम्हिणी घाटापर्यंत सह्याद्रीतील विखुरलेल्या वाड्या आहेत. अशा तालुक्यात २०२३ च्या सुधारणेचे महत्त्व अधिक आहे. साक्षांकनासाठी न्यायालयात जावे लागत नाही. तहसीलदारासारखा राजपत्रित अधिकारी पौड या तालुक्याच्या ठिकाणीच असतो. मात्र दोन्ही मंडळांसाठी लागणारे तज्ज्ञ मुख्यतः शहरातील मोठ्या रुग्णालयांत मिळतात. दुर्गम वाडीतील वृद्ध रुग्णाला पुण्यातील अतिदक्षता विभागात हलविल्यावर तेथील डॉक्टर त्याला ओळखत नसतात. इच्छापत्राची प्रत गावातील पेटीत राहिली, तर तिचा उपयोग होत नाही.

कृत्रिम श्वसन किंवा डायलिसिस नाकारणे म्हणजे सर्व उपचार नाकारणे नव्हे. वेदना, धाप व अस्वस्थता कमी करणारे उपशामक उपचार सुरूच राहतात. पुण्याच्या वारजे भागात १९९७ पासून कर्करुग्णांसाठी सिप्ला उपशामक उपचार केंद्र कार्यरत आहे.

कुटुंबातील पूर्वचर्चा

घरात मरणाचा विषय काढणे अनेक कुटुंबांत अशुभ मानले जाते. त्यामुळे आईवडिलांची इच्छा मुलांना ठाऊक नसते आणि निर्णयाची वेळ रुग्णालयाच्या दारात येते. गावी सेवा करणारा मुलगा आणि परगावाहून आलेली भावंडे यांच्यात अशा वेळी मतभेद होऊ शकतात. घेतलेल्या निर्णयाची टोचणीही पुढे राहते. वृद्ध व्यक्ती निर्णयक्षम असताना सर्व मुलांसमक्ष झालेली चर्चा हा भार कमी करते. शेवटचे दिवस घरी घालवायचे आहेत का, कोणते उपचार नकोत आणि कोणाचा शब्द अंतिम मानावा, हे त्या चर्चेचे मुख्य मुद्दे असतात. मुलांनी आईवडिलांच्या वतीने इच्छापत्र करता येत नाही. ते स्वतः त्या व्यक्तीनेच करावे लागते. स्मृतिभ्रंशासारख्या आजारात निर्णयक्षमता हळूहळू जात असल्याने ते आजाराच्या सुरुवातीसच करणे आवश्यक ठरते.

हेही पहा

* दयामरण
* उपशामक उपचार
* अरुणा शानभाग
* प्रायोपवेशन
* मृत्युपत्र