शेजारचा देव आणि आमचा देवचार

देवळाली कॅम्पात चंपाषष्ठीच्या सुमारास टेकडीवरच्या खंडोबाकडे माणसांची रीघ लागते. भंडाऱ्याने पिवळे झालेले कपाळ घेऊन मुले शाळेत येतात. अशाच एका वर्षी रविवारच्या श्रद्धाशिक्षणाच्या वर्गात एका मुलाने आम्हांस विचारले, "फादर, माझा मित्र टेकडीवर गेला होता. आमची आजी म्हणते, तिथं देवचार असतो. खरं का?" मुलाचे घराणे मूळचे गोव्याचे, लष्करातील नोकरीच्या निमित्ताने कॅम्पात स्थायिक झालेले. आम्ही "असे म्हणू नये, बाळ" एवढे बोललो आणि पुढचा धडा उघडला. ते उत्तर नव्हते, ती पळवाट होती. सेमिनरीत इतकी वर्षे धर्मशास्त्र शिकूनही एका दहा वर्षांच्या मुलापुढे आम्ही निरुत्तर झालो, ही बोच मनात राहिली. त्या बोचेपोटी जी थोडी शोधाशोध केली, ती वाचकांपुढे मांडीत आहोत.

आधी देवचाराविषयी. गोव्यातील आमच्या बांधवांच्या बोलीत देवचार म्हणजे सैतान. प्रार्थनेत तोच, शिवीत तोच, मुलांना भीती घालायलाही तोच. परंतु गोव्याच्या खेड्यांतील लोकसमजुतीत देवचार हा मुळी वाईट नाही. तो गावाचा राखणदार. रात्री घोंगडी पांघरून, हातात दांडा घेऊन तो शिवेवरून फेरी घालतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो. लोक त्याला रोट, विडी, दारू ठेवतात. चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून नव्या वहाणाही वाहतात. रागीट खरा, पण गावाचा. शब्दातच 'देव' उघड दिसतो आहे. मग हा पहारेकरी नरकाचा धनी कसा झाला?

१५६७ साली सासष्टीतील देवळे पाडली गेली. त्यानंतर बारा वर्षांनी, १५७९ च्या ऑक्टोबरात, येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स गोव्याच्या बंदरात उतरले. इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातला हा माणूस सासष्टीत राहून मराठीवर लुब्ध झाला. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती आणि त्यांच्या हाती नवे काही नव्हते. ती पोकळी भरण्यासाठी त्यांनी ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' रचले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापला गेला. १६४९ आणि १६५४ सालीही तो पुन्हा छापला; या तीनही छापांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांवरून मंगळूरला १९०७ साली तो पुन्हा प्रकाशात आला.

स्टीफन्सबाबांपुढे अडचण शब्दांची होती. देवदूतांचे पतन, आदाम-एवेचे पाप, स्वर्ग, मुक्ती हे सारे ज्या भाषेत सांगायचे, तिचे सगळे थोर शब्द आधीच कोणाच्या ना कोणाच्या देवघरात ठेवलेले. त्यांनी ते धिटाईने उचलले. परमेश्वर हा शब्द घेतला, वैकुंठ घेतला, मुक्ती घेतली, ग्रंथाला नावही पुराणाचेच दिले. आणि सैतानासाठी देवचार घेतला. म्हणजे पाहा, जे शब्द पोथीतले, पंडितांच्या तोंडचे, त्यांना नव्या घरात मानाचा पाट मिळाला. आणि शिवेवर उभा असलेला, पोथीत जागा नसलेला गरीब राखणदार तेवढा दोषी ठरला. स्टीफन्सबाबांविषयी आमचा आदर याने तसूभरही उणा होत नाही. हे एकट्याचे काम नव्हते, त्या शतकाची नजरच तशी होती.

आणि केवळ त्या शतकाची तरी कशी म्हणावी? पंचाण्णवाव्या स्तोत्रात (हिब्रू क्रमाने शहाण्णवाव्या) राष्ट्रांच्या देवांविषयी मूळ हिब्रू शब्द आहे 'एलिलीम'; अर्थ असा की पोकळ, निरर्थक वस्तू. ग्रीक भाषांतरकारांनी तेथे 'दायमोनिया' घातले. ग्रीकांच्या लेखी दायमोन हा भला-बुरा कसाही असे. सॉक्रेटिसाला चुकीच्या पावलापासून आवरणारा अंतरीचा आवाजही तो 'दायमोनियॉन'च म्हणे. पण भाषांतर झाले, ते लॅटिनमध्ये उतरले, आणि जे आधी नुसते पोकळ होते ते भुतांनी भरले. शुभवर्तमानातील बेलजबूबचेही तेच. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात तो एक्रोन नगराचा देव आहे, आणि नावाचा अर्थ होतो माशांचा धनी. मूळ नाव बहुधा 'बाल जबूल', म्हणजे बाल अधिपती, हे असावे. १९२९ पासून सिरियात उगारीतच्या मातीच्या पाट्या सापडत गेल्या, त्यांत बालाला हीच पदवी लावलेली आहे. शेजाऱ्याच्या राजाला माशांचा राजा म्हणणे ही मूळची थट्टा. पुढे तोच भुतांचा सरदार झाला.

याचे सर्वांत मोठे उदाहरण मात्र आमच्या कॅम्पाच्या रस्त्यावरच भेटते. देवळालीची हवा मानवली म्हणून येथे आरोग्यभुवने बांधून राहिलेल्या पारशी कुटुंबांना आपण सारे ओळखतो. त्यांच्या अवेस्तेत 'दएव' म्हणजे दुष्ट शक्ती आणि 'अहुर' म्हणजे प्रभू. आपल्याकडे देव तो देव, असुर तो राक्षस. शब्द तेच, एकाच कुळातले. बाजू तेवढ्या बदललेल्या. ऋग्वेदाच्या जुन्या सूक्तांत वरुणाला असुर म्हणणे हा गौरव आहे. वेंदिदादमध्ये मात्र इंद्राची गणना दएवांत होते, आणि त्या ग्रंथाच्या नावाचाच अर्थ दएवांविरुद्धचा नियम असा आहे. दोन भाऊ वेगळे निघाले आणि एकाचा देव्हारा दुसऱ्याच्या घरी बागुलबुवा झाला.

आमचा सैतानही आरंभापासून आजच्या रूपात नव्हता. हिब्रूत सैतान म्हणजे विरोधक, फिर्यादी. ईयोबाच्या पुस्तकात तो देवाच्या दरबारातच उभा राहून बोलतो. दावीदाला शिरगणतीची बुद्धी शमुवेलाच्या पुस्तकात परमेश्वराचा कोप देतो. तीच कथा इतिहासाच्या पुस्तकात सैतानाच्या माथी येते. उत्पत्तीच्या पुस्तकातील सर्प हा नुसता सर्प आहे; त्याला सैतान ठरविणारे स्पष्ट वचन थेट प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात येते. पाप माणसाचेच, पण त्याचा धनी कोण, हे उमजायला इस्रायललाही शतके लागली.

आता टेकडीकडे वळू. खंडोबाने मणी आणि मल्ल या दोन दैत्यांना मारले, ही कथा कॅम्पातल्या पोरासोरांना पाठ आहे. मणी मरताना शरण गेला, आपला पांढरा घोडा त्याने देवाला दिला आणि देवाजवळ जागा मागितली. ती त्याला मिळाली. मल्ल शरण गेला नाही. त्याचे मस्तक पायरीशी आले. एकाच शिक्षेला सामोरे गेलेले दोघे, एक वळला, एक वळला नाही. लूकच्या शुभवर्तमानातील दोन चोर आठवल्यावाचून राहत नाहीत. ही तुलना फार ताणू नये, हे आम्ही जाणतो. क्रूस आणि खड्ग एक नव्हेत. पण वाकणाऱ्या दैत्यालाही जागा देणारी कथा ज्या टेकडीवर सांगतात, तिला देवचाराचे घर म्हणताना जीभ अडखळते. बळीचेही तसेच. पोथीत तो असुर, आणि शेतकऱ्याच्या ओठी न्यायी राजा. जोतीराव फुल्यांनी तर 'गुलामगिरी'त (१८७३) आपल्या प्रभू येशूलाच बळीराजाच्या मालिकेत बसविले.

२८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने अन्य धर्मांविषयीचे घोषणापत्र प्रसिद्ध केले. त्या धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असा त्याचा आशय आहे. सेमिनरीत परीक्षेसाठी आम्ही ते कंठस्थ केले होते. त्या रविवारी वर्गात मात्र ते आठवले नाही.

पुढे एका संध्याकाळी आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. त्याला राखणदाराची गोष्ट सांगितली. घोंगडी, दांडा, झिजलेल्या वहाणा, सारे काही. आजी भिंतीला टेकून जपमाळ ओढीत होती. ती रागावेल असे आम्हांस वाटले. तिने माळ संपविली, क्रूसाचे चुंबन घेतले आणि म्हणाली, "फादर, आमच्या गावी बांधापाशी माझा आजा विडी ठेवायचा. पाद्रीला सांगू नको म्हणायचा."

मुलाने विचारले, "मग तो ओढायचा का?"

"सकाळी नसायची," आजी म्हणाली.