सटवाईने न लिहिलेला लेख

मूल जन्मले की पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळी साऱ्या आयुष्याचा लेख लिहून जाते, असा आपल्याकडे जुना समज आहे. तिला लिहिण्यास अडचण पडू नये म्हणून कोरा कागद नि लेखणी मांडून ठेवण्याची चालही पुष्कळ घरांतून होती. आता सटवाईवरचा विश्वास ओसरला आहे; पण तिची जागा काही रिकामी राहिली नाही. तेथे 'जनुक' नावाचा एक नवा शब्द येऊन बसला आहे. खिशात तंबाखूची पुडी बाळगणारा म्हणतो, "अहो, जनुकांत असेल तर होणारच, आमचे आजोबा नव्वदीपर्यंत तंबाखू मळत होते." आणि ज्या घरात कोणाला तोंडाचा कर्करोग झाला, त्या घरच्या मुलीचे स्थळ आले की समोरची मंडळी हलक्या आवाजात विचारतात, "हे घराण्यातच आहे का?" पहिल्याला या शब्दाने सबब पुरविली, दुसऱ्यांच्या मनात भय घातले. वास्तविक दोघांनीही तो शब्द उलटा वाचला आहे. तोंडाच्या कर्करोगात पेशींच्या आत खरोखरच एक लेख बिघडलेला असतो. पण तो कोणी बिघडविला आणि केव्हा बिघडविला, हे शोधून काढण्यास माणसाला अडीचशे वर्षे लागली. तीच हकीकत येथे सांगावयाची आहे.

रोग जुनाच. सुश्रुताने मुखरोगांची संख्या पासष्ट सांगितली आणि त्यांत अर्बुदांनाही जागा दिली. ग्रीक वैद्यांना गाठीच्या फाकलेल्या शिरा पाहून खेकड्याची आठवण झाली. आपला 'कर्क' तोही खेकडाच. विडाही जुनाच. तंबाखू मात्र नवी. ती अमेरिकेतून निघाली आणि पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर उतरली. अकबराच्या अखेरच्या वर्षांत त्याचा वकील असदबेग विजापूरहून तंबाखू आणि जडावाची चिलीम घेऊन परतला. दरबारच्या हकिमाने नाक मुरडले, तरी बादशहाने दोनचार झुरके घेतलेच. पुढे १६१७ साली जहांगिराने धूम्रपानाला मनाई केली. बादशाही गेली, मनाई गेली, तंबाखू राहिली. आणि पान, सुपारी, कात, चुना यांच्या जुन्या बिऱ्हाडात ती घरच्यासारखी नांदू लागली.

तिच्यावर पहिला लेखी आरोप झाला तो लंडनमध्ये. १७६१ साली जॉन हिल नावाच्या वैद्याने तपकिरीच्या अतिरेकाविरुद्ध एक पुस्तिका छापली आणि तपकीर ओढणाऱ्यांच्या नाकात झालेल्या घातक गाठींची वर्णने दिली. चौदा वर्षांनी, १७७५ साली, पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्याने धुराडी साफ करणाऱ्या पोरांचा कर्करोग त्यांच्या अंगावर साचणाऱ्या काजळीशी जोडून दाखविला. बाहेरची वस्तू अंगाला लागते आणि वर्षांनी त्याच जागी रोग उगवतो, एवढे या दोघांनी पाहिले. मधल्या काळात आत काय घडते, हे पाहण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते.

साधन हाती आल्यावरही डोळा फसतोच. १८८७ साली जर्मनीचा युवराज फ्रेडरिक याचा घसा बसला. इंग्रज वैद्य मॅकेंझी याने घशातील गाठीचे तुकडे काढून बर्लिनला रुडॉल्फ विर्खोकडे पाठविले. पेशीपासूनच पेशी होते, हे जगाला पटवून देणारा हाच तो थोर पुरुष. त्याला त्या तुकड्यांत कर्करोगाची खात्रीची खूण दिसली नाही. वैद्यांत वाद माजले, दिवस गेले. १८८८ च्या मार्चमध्ये युवराज सम्राट झाला तेव्हा त्याला बोलता येत नव्हते. नव्याण्णव दिवस राज्य करून तो गेला. तीन वर्षांआधी अमेरिकेत माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट घशाच्या कर्करोगाने गेले होते. चिरूट हा त्यांचा जन्माचा सोबती. कुटुंबाच्या डोक्यावरचे कर्ज फिटावे म्हणून त्यांनी यातना सोसत आठवणी लिहिल्या आणि त्या पुऱ्या होताच थोड्याच दिवसांत प्राण सोडला. मनाचा थांग लावणाऱ्या फ्रॉइडच्या तोंडातील गाठ १९२३ साली प्रथम कापली गेली. मरेपर्यंत, म्हणजे १९३९ पर्यंत, त्याच्यावर तीसच्या वर शस्त्रक्रिया झाल्या. पण चिरूट त्याला सुटला नाही. व्यसन सोडणे हे केवळ शहाणपणाचे काम असते, तर फ्रॉइडने ते खचित केले असते.

पेशीच्या आत डोकावण्याची वाट दाखविली ती जर्मन प्राणिशास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी याने. समुद्रातील काटेरी सागरगोट्यांची अंडी तो वर्षानुवर्षे पाहत असे. गुणसूत्रांची वाटणी चुकली की अंड्याची वाढ विपरीत होते, हे त्याने टिपून ठेवले आणि १९१४ साली एक लहानसे पुस्तक लिहून तर्क मांडला: अशीच गुणसूत्रांची घडी एका पेशीत विसकटत असावी आणि त्या एकीच्या वंशातून सारी गाठ उभी राहत असावी. पुढच्याच वर्षी तो वारला. त्याचे म्हणणे मनावर घेण्यास जगाने बराच काळ लावला.

आता मुंबईकडे वळू. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले आणि तेथील प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. तीन वर्षांतच, १९४४ साली, त्यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने एक हजार रोग्यांचा आढावा छापला. पाठोपाठ त्यांनी माणसांच्या चालीरीती आणि कर्करोगाची जागा यांची सांगड घातली. बिहारकडे खैनी खालच्या ओठामागे धरतात. तेथे रोग ओठाच्या खोबणीत. आंध्रच्या किनाऱ्यावर पुष्कळ बाया चुट्टा पेटलेले टोक तोंडात ठेवून ओढतात. तेथे रोग टाळूला. विड्याची गोळी ज्या गालात ठेवावी, त्या गालाला रोग. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. लेख जर सटवाईने लिहिला असता, तर तुम्ही तंबाखू डाव्या गालात धरता की उजव्या, याची चौकशी ती कशाला करीत बसती? रोग सवयीच्या मागोमाग बिऱ्हाड बदलतो, हे आपल्याच माणसांनी आपल्याच माणसांच्या तोंडांत पाहून ठरविले. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या डॉ. मेहता आणि कोपनहेगनच्या डॉ. पिंडबोर्ग यांनी निरनिराळ्या प्रांतांतील ५०,९१५ खेडुतांची तोंडे तपासली. दहा वर्षांच्या पाठपुराव्यातून निघाले ते हेच: कर्करोग आणि त्याआधीचे डाग जवळजवळ सर्वस्वी तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांतच उगवले.

१९५३ हे साल या गोष्टीत मोठे नवलाचे आहे. त्या वर्षी केंब्रिजला वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएचा दुहेरी गोफ उलगडला. शिकागोत डॉ. स्लॉटर यांनी ७८३ रोग्यांचा अभ्यास करून सांगितले, की तोंडात गाठ एका जागी दिसली तरी भोवतालचे सारे शेतच नासलेले असते. म्हणून एक गाठ काढली तरी शेजारी दुसरी उगवते. आणि मुंबईत डॉ. जोशी यांनी, तोंडाचे अस्तर आतून ताठ होऊन तोंड उघडेनासे होते त्या विकाराचे वर्णन करून त्याला नाव दिले. तो सुपारीचा प्रताप, हे पुढे सिद्ध झाले. तंबाखूशिवाय नुसती सुपारीही कर्करोगास कारण होते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली छापला. तीन गावी, एकमेकांस न विचारता, एकाच कोड्याचे तीन तुकडे हाती आले.

ते तुकडे कसे जुळतात, हे मी शाळामास्तर माझ्या परीने सांगतो. डीएनए ही चार अक्षरांत लिहिलेली पोथी आहे. तिच्या एका प्रतीत सुमारे तीनशे कोटी अक्षरे. एका पेशीच्या दोन पेशी होताना सगळी पोथी पुन्हा उतरवून काढावी लागते. नकलकाराच्या हातून चुका व्हावयाच्याच. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पिढ्यान्‌पिढ्या अपपाठ शिरले, तेव्हा शके १५०६ मध्ये एकनाथांना ती शोधून शुद्ध करावी लागली. पेशीतही असे नाथमहाराज असतात. ते चुका हेरतात, दुरुस्त करतात, आणि प्रत फारच बिघडली तर ती पेशीसकट नाहीशी करतात. तंबाखूतील विषे अक्षरांना डिंकासारखी चिकटतात आणि नक्कल चुकवितात. दिवसातून दहादा, वीस वर्षे हे चालले, की कधीतरी चूक नेमकी शुद्ध करणाऱ्याच्याच पानावर पडते.

या शोधकांतील मुखिया म्हणजे पी-५३ नावाचे प्रथिन. ते १९७९ साली सापडले आणि पुरी दहा वर्षे त्याला कर्करोगाचा साथीदार समजण्यात आले. कारण गुन्ह्याच्या जागी ते नेहमी हजर सापडे. १९८९ साली उमगले, की हा तर पहारेकरी. गुन्ह्याच्या जागी सापडे ती त्याची हतबल, बिघडलेली आवृत्ती. १९९५ साली अमेरिकेत डोके व मान यांच्या कर्करोगाच्या १२९ रोग्यांत या जनुकाची तपासणी झाली. धूम्रपान आणि मद्यपान दोन्ही करणाऱ्यांत शंभरांत ५८ जणांचा पहारेकरी बिघडलेला निघाला. दोन्हींना न शिवणाऱ्यांत १७ जणांचा. पुढच्याच वर्षी दाखवून देण्यात आले, की गाठ दिसण्याच्या कितीतरी आधी, पांढऱ्या डागाच्या अवस्थेतच गुणसूत्रांचे तुकडे गळू लागलेले असतात. स्लॉटरचे नासके शेत ते हेच.

२०१३ साली भारतीय शास्त्रज्ञांनी, त्यांत नवी मुंबईच्या खारघरचे आणि बंगालमधील कल्याणीचे, गाल व हिरडी यांच्या कर्करोगाची पोथी वाचली. आपल्याकडे हाच प्रकार फार. पी-५३ तर त्यांना भेटलाच. शिवाय बिघडलेल्या पेशीला स्वतःचा अंत करावयास लावणारे कॅस्पेस-८ हे जनुकही बिघडलेले आढळले, आणि काही जनुके तर या रोगात प्रथमच नजरेस आली. २०१५ साली अमेरिकेत २७९ गाठींचे वाचन छापले गेले, त्यांत तंबाखूमुळे झालेल्या बहुतेक साऱ्या गाठींत पहारेकरी निकामी होता. एक अपवाद येथे सांगितला पाहिजे. घशातील काही कर्करोग तंबाखूने होत नाहीत, एका विषाणूने होतात. तेथे पहारेकऱ्याच्या पानावर चूक नसते. विषाणू त्या पहारेकऱ्यालाच फस्त करतो. या विषाणूविरुद्ध लस आहे, आणि अशा रोग्यांना उपचारांचा गुणही अधिक येतो.

आता त्या सोयरिकीच्या प्रश्नाकडे येतो. गालाच्या पेशीत पडलेली चूक गालातच राहते. बीजाच्या पेशीत ती उतरत नाही, म्हणून बापाच्या गालातला हा अपपाठ लेकीच्या वाट्याला येत नाही. जन्मतःच दुरुस्तीची यंत्रणा अधू असलेली घराणी आहेत, पण फार विरळ. एरवी लेकीकडे बापाकडून काही जात असेल, तर ती पुडी. तीही तिने हातात घेतली तरच. आणि नव्वदीच्या त्या आजोबांविषयी एवढेच, की जे आजोबा पन्नाशीत गेले त्यांचे दाखले कोणी देत नाही.

मोडलेल्या पहारेकऱ्याला पुन्हा उभे करणारे हुकमी औषध अजून हाती आलेले नाही. जे हरवले आहे त्याच्यावर नेम तरी कसा धरावा? पण केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात एक साधा प्रयोग झाला. शिकविलेल्या आरोग्यसेवकांनी ठराविक वर्षांनी घरोघर जाऊन उजेडात लोकांची तोंडे पाहिली, एवढेच. २००५ साली निष्कर्ष आला: तंबाखू वा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. सटवाईचा लेख कोणाला वाचता येत नाही म्हणतात. हा लेख वाचावयास बॅटरीचा उजेड पुरतो. तीन आठवडे न भरणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा, पूर्वीइतके न उघडणारे तोंड ही त्याची अक्षरे.

फराळानंतर तबक फिरेल. देवापुढची सुपारी देवापुढेच राहू द्यावी. तेथे तिचा मान आहे. आणि घरातील कोणी वडीलधारे गालात गोळी धरून बसले असतील, तर त्यांच्यावर रागावू नये. उजेडाकडे तोंड करून आ करावयास सांगावे, आणि नीट पाहावे.