जांभूळ आणि मधुमेहाची औषधे

उल्हास नदीच्या खोऱ्यात मे अखेरीस जांभूळ पिकते. बदलापूरच्या जांभळाला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परिसरातील आदिवासी महिला फळ गोळा करून बाजारात आणतात. गर खाल्ल्यावर बिया वाळवून त्यांचे चूर्ण करतात आणि 'साखरेवर' ते घेण्याची प्रथा घरोघरी आढळते.

बियांतील गॅलिक व एलॅजिक आम्लांसारखी संयुगे पिष्टाचे पचन करणारी विकरे रोखतात, असे प्रयोगशाळेत दिसते. अकार्बोज व वोग्लिबोज ही मधुमेहाची औषधे याच मार्गाने काम करतात. माणसांवरचा पुरावा मात्र तोकडा असल्याने चूर्णाला गोळीचा पर्याय मानणे धोक्याचे आहे.

मूठभर फळ आणि रोजचे चमचाभर चूर्ण यांत फरक आहे. ग्लिमेपिराइडसारखी सल्फोनिलयुरिया औषधे किंवा इन्सुलिन चालू असताना चूर्णाची भर पडली, तर साखर 70 मिलिग्रॅमच्या खाली उतरण्याची शक्यता वाढते. दरदरून घाम, थरथर, अचानक भूक ही साखर उतरल्याची लक्षणे. नुसत्या मेटफॉर्मिनवर हा धोका कमी. कारल्याबाबत अशी नोंद जुनी आहे: कारले व क्लोरप्रोपामाइड ही सल्फोनिलयुरिया गोळी यांच्या एकत्रित परिणामाचे उदाहरण 1979 मध्ये 'लॅन्सेट'ने छापले. मेथीदाण्यातील चिकट तंतू पोटात अन्नाचे शोषण मंदावतात. म्हणून गोळी आणि मेथी यांत अंतर ठेवणे शहाणपणाचे.

एक गोष्ट घरच्यांना ठाऊक हवीच: अकार्बोज किंवा वोग्लिबोज घेणाऱ्याची साखर उतरल्यास साधी साखर उशिरा लागू पडते, ग्लुकोज पावडरच द्यावी. चूर्ण चालू असल्यास डॉक्टरांनी विचारले नाही तरी ते त्यांना सांगावे.