शेंगोळे

शेंगोळे (अनेकवचनी व बोलीत शेंगोळ्या) हा हुलग्याच्या पिठापासून केला जाणारा, महाराष्ट्राच्या पठारी भागातील एक पारंपरिक पदार्थ आहे. घट्ट मळलेल्या पिठाचे बोटासारखे लांबट तुकडे हाताने वळून ते लसूण, मिरची, जिरे व कोथिंबीर यांच्या वाटणाच्या उकळत्या रश्श्यात शिजवले जातात. पुणे जिल्ह्यातील शिरूर, दौंड, जुन्नर व आंबेगाव हे तालुके आणि त्यांना लागून असलेला अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर-श्रीगोंद्याचा परिसर येथे तो विशेष प्रचलित आहे. मराठवाड्यात व खानदेशात ज्वारी, गहू आणि हरभऱ्याची डाळ यांचे मिश्र पीठ वापरूनही शेंगोळे करतात. मात्र घोड आणि भीमा नद्यांच्या खोऱ्यात शेंगोळे म्हटले की हुलगाच अभिप्रेत असतो. शेंगेसारख्या आकारावरून हे नाव पडले असे सामान्यतः मानले जाते.

हुलगा आणि कोरडवाहू मुलूख

हुलगा म्हणजेच कोकणातील कुळीथ. त्याचे शास्त्रीय नाव मॅक्रोटायलोमा युनिफ्लोरम असे आहे. हलक्या, मुरमाड जमिनीत आणि अत्यल्प पाण्यावर येणारे हे कडधान्य आहे. शिरूर व दौंड हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. तेथील सरासरी वार्षिक पाऊस सुमारे ५०० मिलिमीटर असून तोही बेभरवशाचा असतो. पावसाने ओढ दिली आणि मुख्य पिकाची पेरणी हुकली, तर उशिरापर्यंत पेरता येणारे पीक म्हणून शेतकरी हुलग्याकडे वळत. बाजरीत मिश्र पीक म्हणूनही तो घेतला जाई. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशीतील हुलग्याच्या दोन वाणांची नावे ‘सीना’ आणि ‘माण’ अशी आहेत. ही दोन्ही नावे दुष्काळी मुलखातील नद्यांची आहेत, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

बैलांना व घोड्यांना हुलगा भरडून किंवा शिजवून खुराक म्हणून देत, त्यामुळे हे गरिबाचे व जनावरांचे धान्य असा शिक्का त्याच्यावर बसला. वस्तुतः १०० ग्रॅम हुलग्यात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात आणि स्निग्धांश अत्यल्प असतो. शेंगोळ्यांच्या रश्श्यावर वरून कच्चे तेल घेण्याची जी रीत आहे, ती चवीइतकीच या कोरडेपणाशीही निगडित असावी.

धान्यात त्याच्याच आकाराचे व रंगाचे खडे असतात. त्यामुळे हुलगा निवडणे हे कष्टाचे काम ठरते. निवडलेला हुलगा मंद आचेवर भाजून जात्यावर भरडतात, पाखडून त्याची टरफले काढतात आणि मग दळतात. भाजण्यामुळे उग्र वास कमी होतो व पीठ टिकते. न भाजता दळलेल्या पिठाचे शेंगोळेही होतात, पण त्यांना किंचित कडवट चव राहते.

वाटण

शेंगोळ्यांची सारी चव वाटणावर अवलंबून असते. भाजी मिळण्याची शाश्वती नसलेल्या भागात घरात असणाऱ्या चार वस्तूंवर हा पदार्थ उभा राहिला. लसूण भरपूर, त्यापाठोपाठ हिरवी मिरची, जिरे, मीठ आणि मूठभर कोथिंबीर हे पाट्यावर किंवा खलबत्त्यात ओबडधोबड वाटतात. मिक्सरमध्ये अगदी बारीक केलेल्या वाटणाने रस्सा एकजीव होतो खरा, परंतु लसणाचे कण दाताखाली येण्यातली मजा जाते. उन्हाळ्यात कोथिंबीर महाग झाली की हिरव्या मिरचीऐवजी सुकी लाल मिरची येते व रश्श्याचा रंग पालटतो. थंडी सरताना, माघ-फाल्गुनात, वाफ्यांत लसणाची कोवळी पात असते, तेव्हा पाकळ्यांबरोबर पातही वाटली जाते. या दिवसांतील शेंगोळे रंगाने हिरवट व चवीने सौम्य होतात. काही घरांत याच सुमारास पिठात बारीक चिरलेली मेथी घालतात. भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट सर्वत्र वापरत नाहीत. वापरल्यास रस्सा दाट व गोडसर होतो.

वाटणाचे दोन भाग करतात. एक भाग पिठात मळला जातो, दुसरा फोडणीत जातो. आतला घास आणि बाहेरचा रस्सा यांची चव एकच राहते ती यामुळे.

कृती

चार माणसांसाठी दोन वाट्या हुलग्याचे पीठ आणि अर्धी वाटी गव्हाचे अथवा ज्वारीचे पीठ घेतात. हुलग्याच्या पिठात ग्लुटेन नसल्याने नुसत्या हुलग्याचे वळण तुटते. गव्हाचे पीठ त्याला धरून ठेवते. ज्वारीचे पीठ तसे धरत नाही, पण हुलग्याचा चिकटपणा कमी करते. जुन्या पद्धतीत निव्वळ हुलग्याचेच शेंगोळे करीत व त्यासाठी हात सरावाचा लागे. पिठात वाटणाचा एक भाग, हळद, मीठ व चमचाभर तेल घालून थोड्या थोड्या पाण्याने घट्ट गोळा मळतात. पाणी एकदम ओतल्यास पीठ हाताला चिकटते आणि मग ते सावरत नाही.

तेलाचा हात लावून लिंबाएवढी गोळी दोन्ही तळव्यांत किंवा पोळपाटावर वळतात. करंगळीएवढी जाडी आणि दोन ते तीन इंच लांबी हे प्रमाण योग्य समजतात. त्याहून जाड शेंगोळा मध्यभागी कच्चा राहतो. काही ठिकाणी दोन्ही टोके जोडून त्याचे कडे करतात, काही ठिकाणी तो सरळच ठेवतात. एका परातीभोवती दोघी-तिघी बसून वळत असतील, तर कोणता शेंगोळा कोणाच्या हातचा ते ओळखू येते.

पातेल्यात तेल तापवून मोहरी, जिरे व उरलेले वाटण परततात आणि सहा ते सात वाट्या पाणी व मीठ घालतात. पाणी खळखळ उकळल्यावरच शेंगोळे एकेक करून सोडायचे असतात. उकळत्या पाण्यात पडताच पृष्ठभागावरील पिठाचा स्टार्च फुगतो, प्रथिने आळतात आणि तुकड्याभोवती घट्ट आवरण तयार होते. पाणी केवळ कोमट असेल तर हे घडत नाही. शेंगोळे विरघळतात व हाती पिठले येते. याच कारणाने पहिली पाच मिनिटे डाव घालत नाहीत. पुढे झाकण ठेवून मध्यम आचेवर २० ते २५ मिनिटे शिजवतात. परातीला चिकटलेले पीठ टाकून न देता वाटीभर पाण्यात कालवून शेवटी रश्श्यात ओततात, त्याने रस्सा दाटतो. एक शेंगोळा मोडून पाहिला असता आत कोरड्या पिठाचा ठिपका दिसला नाही, म्हणजे तो शिजला.

पास्त्याशी साम्य

अलीकडे शेंगोळ्यांना ‘देशी पास्ता’ असे संबोधले जाते. हे साम्य अगदीच वरवरचे नाही. इटलीतील लिगुरिया प्रांतात गव्हाचे पीठ व पाणी यांचे, अंडे न घालता, हाताने पिळून केलेले ‘त्रोफिये’ नावाचे लहान तुकडे असतात. ते जेनोवा शहराच्या प्रसिद्ध पेस्तोबरोबर खातात. पेस्तो म्हणजे बेसिलची पाने, लसूण, चिलगोज्याच्या जातीचे पाइन नट, चीज व ऑलिव्ह तेल यांचे वाटण. कुटणे या अर्थाच्या इटालियन क्रियापदावरून हे नाव आले आहे आणि त्याचे पारंपरिक साधन संगमरवरी खल हे आहे. खलबत्ता, लसूण, हिरवा पाला आणि हाताने वळलेले ताजे पीठ एवढे दोन्हीकडे समान आहे.

भेद आहे तो पाण्यात. पास्ता ज्या पाण्यात उकळतो, त्यातले बहुतेक ओतून देतात व पेस्तो नंतर, न शिजवता, कालवतात. शेंगोळ्यांत पाण्याचा थेंब वाया जात नाही. शिजवण्याचे पाणी हाच रस्सा आणि रस्सा हेच कालवण असते. ‘देशी पास्ता’ म्हणून हॉटेलांत कोरडे परतून दिले जाणारे शेंगोळे चवीला वाईट नसतात, तथापि पदार्थाचा अर्धा भाग त्यात गळालेला असतो.

खाण्याची रीत

शेंगोळे मुख्यतः पावसाळ्यात व थंडीत, गरमागरम खातात. ताटलीपेक्षा खोलगट वाडगा सोयीचा. वरून शेंगदाण्याचे कच्चे तेल, लिंबू, फोडलेला कांदा आणि सोबत बाजरीची भाकरी असते; अनेकांना मात्र शेंगोळे हेच पूर्ण जेवण वाटते. सर्दी-पडशात पातळ रस्सा पिण्यास देतात. हुलगा उष्ण मानला जात असल्याने चैत्र-वैशाखात तो टाळला जातो. हुलग्याचा काढा मूतखड्यावर देण्याची परंपरा आहे. शेंगोळे त्यासाठी खाल्ले जात नाहीत.

सद्यःस्थिती

खडकवासला प्रकल्पाच्या कालव्याचे पाणी दौंड तालुक्यात आणि चासकमान व घोड प्रकल्पांचे पाणी शिरूर तालुक्यात पोचल्यावर भिजणाऱ्या जमिनीत ऊस व कांदा आला. दौंड तालुक्यात गुऱ्हाळे वाढली. ज्या रानात हुलगा पेरत ते रान बागायती झाले, आणि बागायती रानात हुलगा पेरणे कोणालाच परवडणारे नाही. पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई अशा कोरड्या राहिलेल्या पश्चिमेकडील गावांच्या माळरानांना तो अजूनही साजेसा आहे. परिणामी एके काळी घरच्या कणगीत असणारा हुलगा आता बहुतेक कुटुंबांना बाजारातून विकत आणावा लागतो. पिठाच्या तयार पिशव्या मिळू लागल्याने निवडण्या-भाजण्याचा त्रास वाचला आहे. वळण्याचे काम मात्र अद्याप हातानेच होते.

संबंधित पदार्थ

वरणफळे किंवा चकोल्या यांच्याशी शेंगोळ्यांची अनेकदा गल्लत केली जाते. वरणफळांत गव्हाच्या लाटलेल्या पोळीचे तुकडे तुरीच्या वरणात शिजतात. हुलग्याचे माडगे हे त्याच पिठाचे पातळ पेय असून ते आजारी व थकलेल्या माणसाला देतात. कोकणातील कुळथाची पिठी त्याच्या जवळची, पण भाताबरोबर खाण्याची. रात्री उरलेले शेंगोळे सकाळपर्यंत रस्सा शोषून घट्ट होतात; ते तव्यावर थोड्या तेलात परतून न्याहारीला खातात.