जुन्या गिअरबॉक्सचा दरारा

अमेरिकेतील महामार्गांवर जुन्या ट्रकांचा विषय निघाला, की अनुभवी चालकांच्या तोंडी एक नाव हमखास येते ते ‘रोडरेंजर’चे. मिशिगन राज्यातील कालामाझू येथील फुलर कंपनीने अवजड ट्रकांसाठी तयार केलेल्या गिअरबॉक्सचे हे व्यापारी नाव. १९५८मध्ये ईटन कंपनीने फुलर विकत घेतली आणि पुढे कित्येक दशके अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रेलियातील मालवाहतुकीचा मोठा भार याच गिअरबॉक्सने वाहिला. त्याच्याविषयी दोन समजुती रूढ झाल्या. एक म्हणजे तो मोडत नाही; दुसरी, तो नवख्याला दाद देत नाही. दोन्हींत बरेच तथ्य आहे. मात्र पहिली समजूत थोडी तपासून घ्यावी लागते.

मजबुतीचे कारण रचनेत आहे. साध्या गिअरबॉक्समध्ये इंजिनाची ताकद एकाच काउंटरशाफ्टमधून, म्हणजे मुख्य दांड्याला समांतर असलेल्या उपदांड्यातून पुढे जाते. फुलरने असे दोन उपदांडे मुख्य दांड्याच्या दोन बाजूंना बसविले. त्यामुळे भार दोन्हीकडे समान वाटला जातो, मुख्य दांड्यावर एकाच बाजूने ताण येत नाही आणि दात्यांची चाके अरुंद ठेवूनही प्रचंड जोर पेलता येतो. ‘आरटीएलओ-१६९१३ए’ हे गाजलेले मॉडेल पाहा. नावातील १६ हा आकडा १,६५० पौंड-फूट इतकी टॉर्क पेलण्याची क्षमता सांगतो, तर १३ हा गिअरांची संख्या.

हे तेरा गिअर एका दांडीने कसे बदलतात, याचे कुतूहल अनेकांना असते. मुळात पुढच्या पेटीत एक ‘लो’ आणि चार नेहमीचे असे पाचच गिअर असतात. दांडीच्या मुठीवरील ‘रेंज’च्या बटणाने मागची जोडपेटी बदलली, की तेच चार गिअर वरच्या पट्टीत पुन्हा मिळतात, झाले नऊ. वरच्या चारांचे ‘स्प्लिटर’ने प्रत्येकी दोन भाग केले, की तेरा. अठरा गिअरांच्या पेटीत खालच्या पट्टीतील गिअरही असेच विभागले जातात.

खरी मेख पुढेच आहे. या पुढच्या पेटीत सिंक्रोमेश नाही. मोटारीत वा आजच्या बहुतेक भारतीय ट्रकांत सिंक्रोमेशची कडी दोन भागांचा वेग जुळवून देते. येथे ते काम चालकाने कान, पाय आणि इंजिनाच्या फेऱ्यांवरील नजर यांच्या साह्याने करायचे असते. रीतीप्रमाणे क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडायचा, फेऱ्या जुळवायच्या, पुन्हा क्लच दाबून गिअर. यालाच ‘डबल क्लच’ म्हणतात. मुरलेले चालक चालत्या गाडीत क्लचला हातही, किंबहुना पायही, लावत नाहीत. फेऱ्या जुळल्या की दांडी आपसूक सरकते. नवख्याची चूक ठरलेली असते. तो मोटारीच्या सवयीने क्लच तळापर्यंत दाबतो. तळाशी ‘क्लच ब्रेक’ असतो. थांबलेल्या गाडीला पहिल्या गिअरमध्ये घालण्यापुरताच त्याचा उपयोग. चालत्या गाडीत तो वारंवार लागला, तर लवकर खराब होतो.

‘न मोडणारा’ ही ख्याती येथेच सावधपणे घ्यावी. मागच्या जोडपेटीत रेंज बदलण्यासाठी सिंक्रोनायझर असतो. रेंजचे बटण आधी सरकवून मग दांडी न्यूट्रलमध्ये आणायची, हा क्रम चालकाने चुकविला तर तो झिजतो. पेटी बळकट आहे, ती अडाणी हातांनाही टिकते असे मात्र नाही. जुना ट्रक विकत घेणाऱ्याने म्हणूनच इंजिनाइतकेच आधीच्या चालकाविषयीही विचारावे.

या गिअरबॉक्सचा सर्वांत गंभीर धोका उतारावर असतो. भरलेला ट्रक घाट उतरताना खालचा गिअर घालायला जावे आणि तो चुकावा, तर गाडी न्यूट्रलमध्ये राहते. उतारामुळे वेग वाढत जातो, फेऱ्या जुळविणे क्षणाक्षणाला अवघड होते आणि इंजिनाचा अटकाव गेल्याने सारा भार ब्रेकांवर येतो. ते तापले की निकामी होतात. घाट ज्या गिअरमध्ये चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा सह्याद्रीतील चालकांचा जुना नियम याच अनुभवातून आलेला आहे. सिंक्रोमेश असलेल्या ट्रकांतही तो तितकाच लागू पडतो. पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर नोव्हेंबर २०२२मध्ये एका ट्रकने सुमारे ४८ वाहनांना धडक दिली. चालकाने उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडल्याचे त्यानंतरच्या प्राथमिक तपासात पुढे आले होते. डिझेल वाचविण्याची ही सवय किती महाग पडते, हे वेगळे सांगायला नको.

गेल्या वीस वर्षांत चित्र पालटले. व्होल्व्होने २००१मध्ये ‘आय-शिफ्ट’ आणला आणि संगणकाच्या साह्याने गिअर बदलणाऱ्या पेट्यांनी हळूहळू जम बसविला. इंधनाची बचत हे त्यामागचे एक कारण. प्रशिक्षित चालक मिळत नाहीत, हे दुसरे. गंमत अशी, की ईटनच्या ‘ऑटोशिफ्ट’ आणि ‘अल्ट्राशिफ्ट’ या स्वयंचलित पेट्या मुळात त्याच दोन उपदांड्यांच्या रचनेवर उभ्या होत्या. चालकाच्या हाताची जागा इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने घेतली, इतकेच. २०१७मध्ये ईटन आणि कमिन्स यांनी अशा पेट्यांसाठी संयुक्त कंपनी स्थापन केली.

याचा परिणाम परवान्यांवरही दिसतो. अमेरिकेत स्वयंचलित ट्रकवर चाचणी देणाऱ्याच्या व्यावसायिक परवान्यावर ‘ई’ हे बंधन पडते आणि त्याला मॅन्युअल गिअरचा अवजड ट्रक चालविता येत नाही. ऑस्ट्रेलियात तर सिंक्रोमेश असलेली आणि नसलेली पेटी असाही भेद परवान्यात केला जातो. त्यामुळे जुने चालक निवृत्त होत असताना हा हातखंडा असलेली माणसे कमी होत आहेत. अतिअवजड यंत्रे वाहून नेणारे किंवा जंगलातून लाकडाचे ओंडके आणणारे व्यावसायिक मात्र अठरा गिअरांची मॅन्युअल पेटी सहजी सोडायला तयार नाहीत. चिखलात, चढावर, ऐंशी टनांची गाडी जागची हलविताना कोणता गिअर कधी घालायचा, हे त्यांना स्वतःच्या हाती हवे असते.